हॉलमधला देवचौक

"तुमचं ऐकेल ती," अध्यक्षीणबाई म्हणाल्या, आणि हॉलमधल्या झाडून सगळ्या बायकांनी माझ्याकडे माना वळवल्या. मी चहाचा कप खाली ठेवला. माझं ऐकेल म्हणे! ती माझ्या समोरच्या दारात राहते आणि गेल्या नऊ वर्षांत तिने माझ्याकडे वाटीभर साखरसुद्धा मागितलेली नाही. पण हे वीस-बावीस बायकांपुढे कोण बोलणार? मी म्हटलं, "बघते विचारून."

चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या आमच्या फॅक्टरी क्वार्टर्समधलं हे महिला मंडळ. निम्म्या आम्ही महाराष्ट्रातून नोकरीपायी आलेल्या, निम्म्या तंजावरकडच्या, पिढ्यान्‌पिढ्या इथल्याच. अध्यक्षीणबाई तंजावरच्या, बँकेतून रिटायर झालेल्या. त्यांचं मराठी तमिळच्या चालीवर हेलकावे खातं. आम्ही सांगली-सोलापूरच्या त्यांना मागून हसतो आणि त्या आमच्या तमिळला तोंडावर हसतात. एकंदरीत बरं चाललेलं असतं. दरवर्षी तेच ते पाककृती आणि उखाणे करून सगळ्यांना कंटाळा आला होता, म्हणून यंदा आदिवासी कलेचा कार्यक्रम करायचा, हॉलची मोठी भिंत वारली चित्रांनी रंगवून घ्यायची आणि रंगवणारीचा सत्कार करायचा, असं ठरलं. बॅनरवर काय लिहायचं यावर अर्धा तास घोळ झाला. शेवटी मीच म्हटलं, 'आदिवासी कला आणि सलोखा' असं लिहा. सगळ्यांना आवडलं. सलोखा कुणाचा कुणाशी, हे कुणी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.

सलोखा माझा होता, तिच्याशी. ती महिनाअखेरीला रिटायर होऊन गावी जाणार होती, आणि त्याच्या आत मला तिची माफी मागायची होती.

तर आता ते सांगितलंच पाहिजे.

ती तलासरीकडची, वारली. नवरा फॅक्टरीत फिटर होता. आम्ही आवडीत नवे आलो तेव्हा मला तमिळचा एक शब्द येत नव्हता. भाजीवाल्याशी बोटांनी बोलायची. एक दिवस समोरच्या दारातून कुणीतरी मुलीला मराठीत रागावताना ऐकलं आणि मी हातातलं पीठ तसंच ठेवून धावले. तेव्हापासून आमची गट्टी. मी शाळेत शिकवायला जायची तेव्हा ती माझ्या मुलाला सांभाळायची. संध्याकाळी मी तिच्या मुलीचा अभ्यास घ्यायची. कुठे बाहेर जायचं असलं की तिची किल्ली माझ्याकडे आणि माझी तिच्याकडे. मी तिला 'अगं' म्हणायची आणि ती मला 'अहो ताई'. वयाने ती माझ्याहून चार वर्षांनी मोठी आहे. हे मला कितीतरी वर्षं खटकलंच नाही, खोटं कशाला बोलू.

तिच्या मुलीचं लग्न ठरलं. मुलगा त्यांच्याच गावाकडचा, पण नोकरीला श्रीपेरुंबुदूरच्या गाड्यांच्या कारखान्यात. तिच्या नवऱ्याला लांबची रजा मिळेना, म्हणून लग्न इथेच, क्वार्टरमध्येच करायचं ठरलं. तीन दिवस आधी तिच्या दोन नणंदा आल्या. त्यांच्या दारातून शेणाचा आणि गेरूचा वास यायला लागला, आणि दार दिवसभर लोटलेलं असायचं. मला वाटलं, सारवण चाललंय. लग्नाच्या आदल्या दिवशी गावची मंडळी रेल्वेने सेंट्रलला उतरणार होती. त्यांना आणायचं आणि जाता जाता जॉर्ज टाउनमधून बांगड्या घ्यायच्या, म्हणून घरातले सगळेच निघाले. किल्ली नेहमीप्रमाणे माझ्याकडे आली. "सावकाश या गं," मी म्हटलं, "घराकडे मी बघते."

अकराच्या सुमाराला मेंटेनन्सची माणसं चुन्याच्या बादल्या घेऊन जिना चढून आली. क्वार्टरला चुना मारायची पाळी कितीतरी वर्षांनी येते, आणि त्या दिवशी दार बंद असलं की गेली ती गेली. मला काय आनंद झाला! लग्नाच्या आदल्या दिवशी! तिचं नशीब, म्हटलं. पटकन दार उघडून दिलं.

बाहेरच्या खोलीतल्या भिंतीवर एक धुतलेलं धोतर टांगलेलं होतं. भिंत खराब दिसते म्हणून झाकली असेल, असं मला वाटलं. जीव कळवळला हो माझा! पोरीच्या लग्नात बाईला भिंतीची लाज वाटते आहे, असं वाटून. माणसांनी धोतर काढलं. मागे भिंत शेणा-गेरूने सारवलेली, आणि त्यावर तांदळाच्या पिठीने काढलेला एक मोठा चौकोन. चारी बाजूंनी बारीक नक्षी, इतकी बारीक की लांबून जाळीच वाटावी. आणि मधोमध एक उभी बाई, हात पसरलेली.

चुना मारायला आलेल्यांत एक म्हातारा होता. तो ब्रश खाली करून थांबला. "अम्मा, इंगे कोलम इरुक्कु," म्हणाला. अम्मा, इथे रांगोळी आहे.

मला दिसत होतं की. मी काही आंधळी नव्हते. वारली चित्रं मला ओळखू येतात, माझ्या दिवाणखान्याच्या पडद्यांवर तीच छापलेली होती. पण मी विचार काय केला, तर यांच्या हातात कलाच आहे, पांढऱ्या स्वच्छ भिंतीवर पुन्हा काढतील, आणखी छान दिसेल. उद्या फॅक्टरीतले साहेब येणार, त्यांना शेणाची भिंत दाखवायची? मी म्हटलं, "परवाइल्ले, अडिंग." काही हरकत नाही, मारा.

त्या म्हाताऱ्याने भिंतीला हात जोडले आणि मगच ब्रश लावला. मला त्याचं हसू आलं होतं.

चारला सगळे आले. मी तोवर जमीन पुसून घेतली होती, दारात रांगोळी घातली होती. आणि दार उघडून, देवा रे, मी म्हटलं, "बघ, किती उजेड पडला घरात!"

गावाहून आलेल्यांत एक म्हातारी होती, धवलेरी. म्हणजे त्यांच्यात लग्न लावते, लग्नाची गाणी म्हणते ती बाई. ती गाठोडं मांडीवर घेऊन उंबऱ्यापाशीच खाली बसली. नणंदा एकमेकींकडे बघायला लागल्या. आणि ती माझी शेजारीण, ती भिंतीकडे बघत उभी राहिली, मग माझ्याकडे वळून म्हणाली, "चहा घेता का, ताई?"

संध्याकाळी तिच्या नवऱ्याने मला जिन्यात सांगितलं. लहान मुलाला समजवावं तसं. लग्नाच्या आधी सवाष्णी मिळून देवचौक काढतात. त्यात देवी बसवतात. लग्नाची वेळ येईपर्यंत तिला झाकून ठेवतात. "देवी बसली होती, ताई," तो म्हणाला. चिडला नव्हता तो. आणि मी काय म्हणाले? "अहो, मला कसं कळणार? तुम्ही सांगायला हवं होतं ना!"

हे वाक्य मी किती वेळा मनात उगाळलं असेल, त्याला हिशेब नाही.

नवा चौक काढला नाही. एका लग्नाला देवी दोनदा बसवत नाहीत, असं म्हातारी म्हणाली. कोऱ्या पांढऱ्या भिंतीसमोर लग्न लागलं. म्हातारीने जे काय पुटपुटायचं ते पुटपुटलं, पण गायली नाही. मी त्या लग्नाला गेले, नवी साडी नेसले, दोनदा भात वाढून घेतला.

मुलगी सुखात आहे. दोन मुलं आहेत तिला, नवरा चांगला आहे. हे मुद्दाम सांगते, कारण ऐकणाऱ्याच्या मनात पहिल्यांदा तेच येतं. काही वाईट झालं नाही. वाईट झालं असतं तर निदान कुणीतरी मला दोन शब्द सुनावले असते, मी रडले असते, आणि प्रकरण मिटलं असतं. तिने एक शब्द काढला नाही. वागणं तसंच, बोलणं तसंच. सणाला डबा यायचा, माझा डबा जायचा. फक्त किल्ली वरच्या मजल्यावर जायला लागली, एका मल्याळी नर्सबाईकडे. एवढंच काय ते बदललं आणि एवढंच मला पुरलं.

पाच वर्षांपूर्वी तिचा नवरा गेला. त्याच्या जागी तिला फॅक्टरीच्या कँटीनमध्ये काम मिळालं, म्हणून क्वार्टर राहिलं. आता तेही संपणार होतं.

मी विचारायला गेले तेव्हा ती गॅलरीत ओली चादर झटकत होती. मी सगळं एका दमात सांगितलं. भिंत, कार्यक्रम, सत्कार. ती नाही म्हणणार याची मला इतकी खात्री होती की नाही म्हटल्यावर काय बोलायचं तेही मी ठरवून गेले होते.

"काढते की," ती म्हणाली. "एवढी वर्षं इथे काढली. काहीतरी राहील मागे."

माझा विश्वासच बसेना.

"फक्त चौक नाही काढणार, ताई. बाकी सगळं काढते."

"नको गं बाई, चौक कशाला," मी घाईघाईने म्हटलं. "तुला हवं ते काढ."

पाच दुपारी तिने ती भिंत रंगवली. कँटीनमधून दोनला सुटायची, तोंडावर पाणी मारून सरळ हॉलमध्ये यायची. मी तांदूळ वाटून द्यायची, गेरू कालवून द्यायची. बांबूची काडी दातांनी चावून तिने टोक मऊ करून घेतलं होतं, तेवढ्यावर सगळी भिंत. आधी डोंगर आले, मग ताडाची झाडं आणि ताडावर चढणारा माणूस. भात लावणाऱ्या बाया आल्या, कोंबड्या आल्या. तारपं वाजवणारा आणि त्याच्याभोवती फेर धरून नाचणारी माणसं, एकमेकांच्या कंबरेला हात घालून. बोलायची नाही, पण मधेच गुणगुणायची. शाळेतून परतणारी तमिळ पोरं दारात गर्दी करायची, तर त्यांना तिने एक कोपरा दिला आणि म्हणाली, इथे तुम्ही मुंग्या काढा. पोरांनी काढल्या. पंखा लावला तरी आम्ही दोघी घामाने निथळत असायचो. कित्येक वर्षांनी मी तिच्या शेजारी जमिनीवर बसले होते. मला वाटायला लागलं, होईल. आता होईल.

तिसऱ्या दिवशी मी विषय काढला. "त्या लग्नाच्या वेळी ना..." मी सुरुवात केली, "मला खरंच कल्पना नव्हती. मेंटेनन्सची माणसं अचानक आली, तुझी चुन्याची पाळी गेली असती, आणि ते धोतर बघून मला वाटलं की..." बोलता बोलता माझं मलाच ऐकू आलं. माफी मागायची सोडून मी पुन्हा खुलासाच करत होते! नऊ वर्षं ठरवून, घोकून, शेवटी तोंडातून तेच.

ती कोंबडीचे पाय काढत होती. "ताई," ती म्हणाली, "तांदूळ जरा बारीक वाटा. काडीत अडकतंय."

मी उठून तांदूळ बारीक वाटून आणले. उद्या नीट बोलीन, म्हटलं.

चौथ्या दिवशी अध्यक्षीणबाई बघायला आल्या. बरोबर माझी सून. सुनेबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. मुलगा श्रीपेरुंबुदूरला इलेक्ट्रॉनिक्सच्या कंपनीत आहे, कंपनीच्या बसने जातो-येतो. लग्नानंतर दोन वर्षं ते दोघं वेगळे राहिले, भाड्याने. कारण मीच. माझी जीभ. सहा महिन्यांपूर्वी परत आले, आणि तेव्हापासून मी घरात तोंडाला कुलूप घालून वावरते. सून गुणी आहे. मोबाइलवर बघून बघून वारली शिकली, कापडी पिशव्यांवर काढते, शनिवारी-रविवारी क्लास घेते. तिच्या पिशव्यांना मागणीही आहे.

भिंत बघून दोघी हरखल्या. मग अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "तो चौक कुठाय? देवीचा? फोटोत तोच असतो ना नेहमी."

"तो नाही काढत," माझी शेजारीण म्हणाली.

"का म्हणून?"

तिने शांतपणे सांगितलं. इथे लग्न नाही. गाणारी नाही. आणि चौक सवाष्णी काढतात, मी आता नाही. काढला तर झाकायचा, लग्नाला उघडायचा आणि मग देवीला नीट पाठवायचं. तिला आणून नुसतं ठेवून देत नाहीत.

"अहो, ही कला आहे," अध्यक्षीणबाई म्हणाल्या. "कलेला काय सवाष्ण अन् विधवा! अम्हे असलं काही मानत नाही."

मानत नाही! जानेवारीत याच हॉलमध्ये आमचं हळदीकुंकू झालं, तेव्हा या बाईला बोलावणं नव्हतं. त्याच्या आदल्या वर्षीही नव्हतं. यादी मीच करते, म्हणून मला पक्कं ठाऊक. आणि आता तिच्या देवीच्या बाबतीत आम्ही एकदम सुधारलेल्या! हे सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. मी वाटीतला गेरू ढवळत बसले.

"त्यांना नको तर नको," सून म्हणाली. मला बरं वाटलं. पण पुढे म्हणाली, "मावशींना कशाला त्रास? मी काढेन. मी सवाष्णच आहे की." आणि गोड हसली. तिच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. अगदी माझ्याच मनात नव्हतं तसंच.

माझ्या शेजारणीने काडी पाण्यात धुऊन ठेवली, आणि जाताना एकदा माझ्याकडे बघितलं. मी तिच्याबरोबर बाहेर गेले नाही.

घरी जेवताना सुनेने पुन्हा विषय काढला. "आई, बॅनरसाठी भिंतीची उजवी बाजू कोरी सोडलीय, तिथे काढते. बॅनर बाहेर लावू. मावशींचं काम उद्या दुपारी संपेल, मी परवा सकाळी कार्यक्रमाच्या आधी उरकते. चालेल ना?"

तेव्हा सांगायचं होतं. तिला सगळं सांगायचं होतं, चुना, धोतर, म्हातारी, सगळं. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. एक 'नको' पुरलं असतं. पण मुलगा समोर बसलेला, सहा महिन्यांनी घरात जरा हसणं-बोलणं सुरू झालेलं, आणि सून कधी नव्हे ती मला विचारत होती. तिने पुन्हा बॅगा भरल्या तर? मी म्हटलं, "बघ बाई, तुला काय वाटतं ते." आणि तिच्या पानात आणखी एक पोळी वाढली.

पाचव्या दुपारी भिंत पुरी झाली. ती मागे सरून बघत होती आणि मीही तिच्या शेजारी उभी होते. उद्या त्या कोऱ्या जागेत काय येणार आहे ते मला माहीत होतं, तिला नव्हतं. मी सांगितलं नाही. "छान झालंय गं," मी म्हटलं. ती हसली. नऊ वर्षांत ती माझ्याकडे बघून तशी हसली नव्हती.

कार्यक्रमाला हॉल भरला होता. फॅक्टरीतल्या एका मोठ्या साहेबांच्या बायको पाहुण्या होत्या. समई, स्वागतगीत, सगळं यथासांग. माझी शेजारीण कँटीनमधून उशिरा आली, घाईघाईने, अंगावर निळी सुती साडी. मी पहिल्या रांगेत तिच्यासाठी खुर्ची धरली होती. ती बसली, आणि मग तिने भिंतीकडे पाहिलं.

सुनेने सुंदर काढला होता चौक. हात स्वच्छ आहे तिचा. पांढऱ्या पोस्टर कलरमध्ये, पट्टी लावून. मधोमध देवी, हात पसरलेली, उघडी, ट्यूबलाइटखाली, आणि खाली कोपऱ्यात सुनेची सही. लोक शेजारी उभे राहून फोटो काढून घेत होते.

मी तिच्याकडे न बघता समोर बघत राहिले.

तिचं नाव पुकारलं. पाहुण्यांनी नारळ दिला, खांद्यावर शाल घातली. अध्यक्षीणबाईंनी माइक पुढे केला, दोन शब्द बोला म्हणाल्या. तिने मान हलवली. नारळ टेबलावर ठेवला. मग चालत भिंतीपाशी गेली, खांद्यावरची शाल काढली, आणि बॅनरसाठी वर दोन खिळे मारलेले होते त्यांना तिची दोन टोकं अडकवली. टाचा उंचावून, सावकाश. देवी झाकली गेली. तिने हात जोडले.

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग निवेदन करणारी मुलगी माइकवर म्हणाली, "बघा, आपल्याला मिळालेला मान त्यांनी आपल्या देवीला अर्पण केला!" आणि जोरदार टाळ्या पडल्या. साहेबांच्या बायकोने डोळे टिपले. माझी सून टाळ्या वाजवत होती, तिचे डोळे भरून आले होते. आणि लाज वाटते सांगायला, माझेही हात वाजत होते. सगळे वाजवत होते म्हणून.

ती परत खुर्चीवर आली नाही. बाजूच्या दाराने बाहेर पडली. मी उठले, कुणाच्या तरी पायाला अडखळले आणि तिच्यामागे गेले. हॉलच्या मागे पाण्याच्या टाकीपाशी ती चपला घालत होती. आतून माइकवर पुढच्या नाचाची घोषणा चालली होती.

"थांब," मी म्हटलं. मग म्हटलं, "थांबा." पहिल्यांदाच. "माझं चुकलं. तेव्हाही चुकलं. मी तुमच्या मुलीच्या लग्नात चुना मारला, तुमची देवी पुसली, आणि वर तुम्हालाच बोलले. नऊ वर्षं मी हे म्हणायला... मला माफ करा."

सगळं बोलले. एकही खुलासा केला नाही. मी रडत होते.

तिने माझा दंड धरला. रागाने नाही. पोरीला धरावं तसा.

"ताई, ते मी त्याच दिवशी सोडून दिलं होतं," ती म्हणाली. "तुम्हाला माहीत नव्हतं. माहीत नसलं तर माणसाचा काय दोष? किल्ली तेवढी दुसरीकडे ठेवली, पुन्हा तुम्हाला कोडं नको म्हणून."

मी पदराने डोळे पुसले.

"पण आता माहीत होतं ना, ताई?"

तिने दंड सोडला आणि क्वार्टर्सच्या दिशेने चालायला लागली. मी तिला हाक मारू शकले असते. मारली नाही.

महिनाअखेरीला ती गेली. मुलगी आणि जावई न्यायला आले होते. जिन्यात सामान उतरवण्याचा आवाज सकाळभर चालला होता. निघताना तिने माझी बेल वाजवली, निरोप घ्यायला. ती तशी वाजवणारच होती. सून आंघोळीला गेली होती. मी दाराच्या आत उभी होते, हात कडीवर, आणि दोनदा बेल वाजली तरी मी दार उघडलं नाही. मग ती खाली उतरून गेली.